सदानंद मुळेकर स्टॉक ठेवत नाहीत

सदानंद मुळेकर माझ्याशी कधीही वाईट वागलेले नाहीत. रस्त्यात दिसलो की थांबतात, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतात, "मास्तर, वाचन काय म्हणतंय?" असं विचारतात आणि वाचनाने काही म्हणायच्या आत पुढे निघून जातात. एवढ्यावरून एखाद्याचा राग येऊ नये, हे मला कळतं. तरी मला हा माणूस आवडत नाही. हे लिहून संपेपर्यंत आवडू लागेल, अशी भीतीही वाटत नाही.

आचऱ्याच्या पुढे, खाडीच्या कडेला आमचं गाव आहे. तिथल्या पोस्टात मी मास्तर होतो. मुळेकरांचं घर पोस्टाला लागून, मध्ये फक्त एक चिऱ्याचा गडगा. त्यामुळे या गृहस्थांचं चरित्र मला न मागता, टपालासारखं रोज मिळत गेलं. गावात त्यांना सगळे सदो म्हणतात, आई सदग्या म्हणते. त्यांची स्वतःची पसंती 'सदानंद सर'ला आहे, पण ही पदवी कणकवलीच्या अलीकडे चालत नाही. मीही इथे सदोच म्हणतो.

मुंबईत सदो एका कंपनीत लोकांना प्रेरणा देण्याच्या खात्यात होता. एके दिवशी कंपनीला प्रेरणा पुरेशी झाली आणि सदो गावी आला. मुळेकरांचा गोठा बरीच वर्षं रिकामा होता. त्याला आतून पांढरा रंग लागला, बाहेरून काचेचं दार बसलं, आणि दारावर पाटी आली: 'मुख्यालय'. शाखा कुठेही नव्हती. मुख्यालयात एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक गोल दिवा होता. त्या दिव्यासमोर बसून सदो मोबाईलशी बोलायचा. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत 'संस्थापक'. गावात दशावतारात राजाचं काम करणारेसुद्धा मुकुट उतरवून घरी जातात. सदो तो शर्ट घालून मासे आणायला जायचा.

धंदा काय, हे त्याने आईला, म्हणजे आमच्या मुळेकर काकीला, पडवीत बसून समजावलं. मी गडग्याच्या या बाजूला तुळशीला पाणी घालत होतो.

"म्हणजे शर्ट तू शिवतस?" काकीने विचारलं.

"नाही, आई. शर्ट तिकडे, तिरुपूरला तयार होतात."

"मगे छापतस तू?"

"नाही. छापणारेही वेगळे. गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागणी केली की तेवढाच शर्ट ते छापतात, आणि परस्पर पाठवून देतात. मागणी तशी छपाई."

"गिऱ्हाईक हय येता?"

"इथे कुणीच येत नाही, आई. तीच तर गंमत आहे."

काकी थोडा वेळ कुळीथ निवडत राहिली. मग म्हणाली, "वस्तू खयची, गिऱ्हाईक खयचो, आनी मधी उभो तू. मेल्या, असा सरळ सांग ना, गाऱ्हाणा घालतंय म्हणान!"

आमच्याकडे देवळात देव आणि माणूस यांच्या मध्ये उभं राहून, माणसाच्या वतीने मोठ्या आवाजात मागणं मागणारा एक जण असतो. धंद्याची याहून नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही. सदोने मात्र तिला शुद्ध मराठीत उत्तर दिलं. तो आईशीही शुद्ध मराठीतच बोलायचा. मालवणी त्याच्या तोंडातून फक्त ठेच लागल्यावर निघे.

आता, धंद्यात मुळात खोट नाही. गोदाम नको, माल पडून राहायची भीती नको. डोकं जागेवर असलेल्या माणसाने केला तर संसार चालेल. पण सदोने त्यातलं एकच वाक्य उचललं आणि त्याचं तत्त्वज्ञान केलं: "मी स्टॉक ठेवत नाही." हे वाक्य तो कुठेही वापरी. गणपतीच्या मंडपाचे वासे चार दिवस मुख्यालयात ठेवू का, असं पोरांनी विचारलं, तेव्हाही त्याने डोळे किंचित मिटून तेच सांगितलं. वासे पावसात भिजले.

मला पोस्टात या धंद्याची एकच बाजू दिसायची. शर्ट, कप, सगळं छापखान्यातून थेट गिऱ्हाइकाकडे जाई, त्यामुळे आमच्या गावात माल यायचा तो फक्त परत आलेला. पाकिटांवर लोकांनी कारणं लिहिलेली असत. कुणाचा 'मोठा' शर्ट मुलाला बसत होता. कुणाच्या कपावरचा सिंधुदुर्ग किल्ला पहिल्याच चहाला वितळला होता. एका बाईंनी नुसतंच लिहिलं होतं, 'का?' मी गठ्ठा पुढे केला की सदो म्हणे, "मास्तर, परत आलेला माल म्हणजे ग्राहकाने आपल्याला लिहिलेलं पत्र." पत्रं त्याने कधी फोडली नाहीत. ती मुख्यालयाच्या मागच्या खोलीत, पूर्वी गवत रचत तिथे, एकावर एक चढत गेली. स्टॉक न ठेवणाऱ्या माणसाची ती खोली पाहण्यासारखी होती.

वर्षभरात धंदा फारसा चालला नाही, म्हणून सदो तो शिकवू लागला. मालवणात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर त्याचं व्याख्यान होतं: 'छपाई-व्यवसायातल्या नेहमीच्या चुका आणि त्या कशा टाळाव्यात'. मला त्याने आग्रहाने नेलं, कारण पहिल्या रांगेत केस पिकलेला एखादा माणूस असला की फोटो बरा येतो. त्याने सांगितलेली एकही गोष्ट चूक नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. नमुना मागवून हातात घेतल्याशिवाय विकू नका. इंटरनेटवरून कुणाचंही चित्र उचलू नका. चित्राचा रंग आणि कापडाचा रंग शेजारी ठेवून बघा. माल पोचायला किती दिवस लागतील याचा विचार करा. काढणाऱ्याचं नाव द्या. पडद्यावर एकेक चूक लाल अक्षरांत येत होती आणि माणसं वहीत उतरवून घेत होती.

खाजं विकणाऱ्या दुकानातली एक बाई उठली. "सर, तुमी सोता नमुनो मागवतास?"

सदो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ज्याचा स्वतःच्या नजरेवर विश्वास नसतो, तो नमुना मागवतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी नमुन्याचं आधी उतरवून घेतलं होतं, त्यांनी हेही खाली उतरवून घेतलं. बाई मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजे आमी काय करूचा?" सदोला चुका तोंडपाठ होत्या. पुढे त्याने त्यातली एकही सोडली नाही.

देवगडचं प्रकरण त्याच हंगामातलं. तिथल्या बागायतदारांचा मेळावा होता, आणि त्यांना छातीवर आंबा असलेले शर्ट हवे होते. सदोने इंटरनेटवर 'आंबा' शोधला, मिळालेला सर्वांत चकचकीत आंबा घेतला आणि छापायला पाठवला. शर्ट थेट मेळाव्यात पोचले. मेळाव्यात काय झालं हे मला माहीत आहे, कारण तिथले एक वयस्क बागायतदार शर्टांचा गठ्ठा टेम्पोत घालून स्वतः मुख्यालयावर आले.

"ह्यो खयचो आंबो?" त्यांनी शर्ट सदोच्या तोंडासमोर धरला. "सांग माका. खयचो आंबो?"

"सर, हापूसच आहे."

"हापूसाक चोच असता? ही बघ चोच! मेल्या, ह्यो तोतापुरी! देवगडच्या माणसाच्या छातीर तोतापुरी लावलंस तू! माझ्या भावान थयच शर्ट काढल्यान. आता तो सगळ्यांका सांगता, माका उघडो बसवल्यानी म्हणान."

सदोने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, आंबा ही एक संकल्पना आहे."

काकांनी गठ्ठा अंगणात टाकला आणि जाताना गाडीच्या खिडकीतून, "शिरा पडो तुझ्या संकल्पनेर!" असं म्हणून गेले. काकीने त्यातले दोन शर्ट उचलून चुलीकडे नेले. त्यांची पकड चांगली झाली, टोप उचलताना हात भाजत नाही, असं तिने मला मागाहून सांगितलं.

यातून सदोने धडा घेतला. धडे तो नेहमी घेई, फक्त ते दुसऱ्यांना द्यायला. आपल्याला 'अस्सल स्थानिक आशय' पाहिजे, असं त्याने ठरवलं आणि तो रुक्सानाकडे गेला.

रुक्साना काझी खाडीकडच्या मोहल्ल्यातली. वडील मासळीच्या व्यापारात. ती शाळेत चित्रकला शिकवायची, पण कंत्राटावर, आणि ते कंत्राट त्या वर्षी संपलं होतं. होड्यांवरची नावं, लग्नाच्या पाट्या, आमच्या गणपतीच्या मागचे डोंगर, सगळं तीच रंगवायची, आणि कशावरही तिचं नाव नसे. मामा कुवेतला दुकान चालवायचा. गावात काही जमलं नाही तर मामाच्या दुकानात हिशेबाला बसायचं, असं घरात ठरत आलं होतं. तिला जायचं नव्हतं. हे ती कुणाला सांगत फिरत नसे, पण पोस्टात आली की कुवेतच्या पत्राचं पाकीट फोडायला वेळ लावी.

तिने वर्षभर खपून बारा चित्रं काढली होती, महिन्याला एक. पांढरा कागद आणि काळ्या शाईची बारीक रेघ. शिमगा, भाताची लावणी, नारळी पुनव, मोहल्ल्यातला उरूस. सगळ्यांत मोठं होतं ते मार्गशीर्षाचं: गावपळण.

आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव गाव सोडतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. घरांना कड्या घालून वेशीबाहेर जायचं, मळ्यात झावळांच्या राहुट्या घालून तीन दिवस राहायचं, आणि पुन्हा कौल मिळाला तरच परतायचं. तोवर गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. कोण हिंदू, कोण मुसलमान, हा प्रश्न त्यात येत नाही. काझी-मुकादमांची बिऱ्हाडंही आमच्यासारखीच डोक्यावर टोप घेऊन निघतात. रुक्सानाने ती अख्खी रांग काढली होती. प्रत्येक माणूस ओळखू येत होता. मी पिशवी सांभाळत चाललो होतो, पाठीला थोडा जास्तच बाक काढून. पुढे तिची दादी होती, काखेत कोंबडी दाबून, आणि कोंबडीचा चेहरा दादीपेक्षा करारी होता. खाली कोपऱ्यात लहान अक्षरांत 'रुक्साना काझी'.

त्या वर्षी कौल झाला होता. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची माणसं पळणीला येणार होती आणि त्यांना त्याचे शर्ट हवे होते. शिवाय मंडळाचे अध्यक्ष परबकाका नव्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर काढणार होते. शर्टावरचं चित्र पसंत पडलं तर बाराही चित्रं घेऊ, आणि पुढे दरवर्षीचं काम त्याच चित्रकाराला देऊ, असं त्यांनी सदोला कळवलं होतं. रुक्सानाने मामाला 'थांबा' असं लिहिलं. ते पाकीट मीच ठसा मारून पाठवलं.

चित्रं देताना ती मुख्यालयाच्या दारातच उभी होती.

"दादा, रेघ काळी आसा. पांढऱ्या कापडारच छापा हां."

"रुक्साना मॅडम, तुम्ही निश्चिंत राहा."

"आनी एक तरी शर्ट आदी मागवन बघूया."

"नजर, मॅडम. नजर तयार पाहिजे."

"माजा नाव रवात मां त्याच्यार?"

"शब्द दिला," सदो म्हणाला, आणि छातीवरच्या 'संस्थापक'वर हात ठेवला. बाराही कागद त्याने ठेवून घेतले. मूळ प्रती ब्रँडकडे राहतात, असं त्याचं म्हणणं होतं.

पळणीचा पहिला दिवस शर्टांविना गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, मळ्यात माणसं जेवून लवंडलेली असताना, सदोचा फोन वाजला. त्याने रुबाबात तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. पलीकडे कणकवलीहून माल घेऊन आलेला गाडीवाला होता.

"सायबानू, तुमच्या गावात कोण नाय हो! दारां सगळी बंद. कुत्रोसुदा भुंकना नाय. काय झालाहा हय? माका भ्या वाटता!"

सगळा मळा उठून बसला. सदोने माल पोचवण्याचा पत्ता आपल्या घराचा दिला होता, आणि तारीख पळणीतली. ज्या कार्यक्रमासाठी शर्ट होते, त्या कार्यक्रमात गाव रिकामं असतं, एवढीच गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली होती.

मानकऱ्यांपुढे वेगळाच पेच उभा राहिला. गाडी वेशीच्या आत गेली, मग पळण मोडली की काय? जाणती माणसं गोल बसली. गाडीवाला मळ्यात पोचताच त्याची उलटतपासणी झाली.

"खाली उतारलंस?"

"नाय ओ."

"जमिनीक पाय लागलो?"

"काच सुदा खाली करूक नाय मी. भियान!"

"चाक गेला, पाय नाय," असा निकाल झाला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडून खोक्यांकडे मोर्चा वळवला.

सदोने पहिलं खोकं स्वतः फोडलं, व्हिडिओ चालू ठेवून. शर्ट बाहेर काढला, दोन्ही हातांनी वर धरला.

शर्ट काळा होता. सदोच्या मते भारी माल म्हणजे काळा. आणि चित्र छापण्याआधी मागचा पांढरा भाग काढून टाकायचा असतो, हा नियम त्याने काटेकोर पाळला होता. काळ्या कापडावर काळी रेघ उरली होती, म्हणजे काहीच उरलं नव्हतं. खाली पांढऱ्याशुभ्र अक्षरांत ब्रँडचं नाव होतं, आणि त्याच्याखाली 'संकल्पना: सदानंद मुळेकर'.

"गे बाय माझे!" सदो म्हणाला. ठेच लागली होती.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, गाव खराच पळालो रे!" आणि सगळा मळा हसला. रुक्साना हसली नाही. ती पुढे आली, शर्ट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. तिच्या दादीने जवळ येऊन विचारलं, "माजी कोंबडी खंय गो?"

"दादा, माजा नाव?"

तोवर सदो पुन्हा शुद्ध मराठीत आला होता. "आहे! नाव छापलेलं आहे. मी शब्द पाळला आहे. असा तिरका, उन्हात धर." त्याने शर्ट उन्हात तिरका धरला. खरोखरच, शाईची किंचित चमक दिसत होती. "हा सूक्ष्म परिणाम आहे. बाहेर यालाच किंमत आहे."

दादीने कापडावरून बोटं फिरवली. बरंच चाचपून ती एका जागी थांबली. "ही असात कोंबडी," ती म्हणाली. बाकीची माणसं आपापला शर्ट उन्हात धरून स्वतःला शोधू लागली. मळ्यात ग्रहण बघायला जमल्यासारखा देखावा झाला. मीही शोधलं. मला माझा बाक सापडला नाही.

परबकाकांनी शर्ट एकदा बघून खांद्यावर टाकला. "सदानंदा, काढल्यान कोणी ह्या?"

"आमची टीम आहे, काका."

"मी काढलंय," रुक्साना म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे. माणूस वाईट नव्हता. "बाय, माका दिसता तरी काय ह्याच्यात? कागद आसा?"

सदोने मोबाईलवर फोटो दाखवला. एवढी मोठी रांग त्या पडद्यावर बोटभर झाली होती. काका म्हणाले, "ही मुंग्यांची रांग. माका कागद दाखव. उद्या सकाळच्या गाडीन मी चललंय, आनी परवा कॅलेंडर छापूक जाता. आज दाखवलंस तर बाराव घेतंय."

कागद सदोच्या घरात होते. घर गावात होतं. आणि गाव, आमच्या डोळ्यांसमोर, वहाळाच्या पाण्यापलीकडे, चालत गेलं तर एक विडी ओढून होईपर्यंतच्या अंतरावर रिकामं पडलं होतं.

माझी राहुटी काझींच्या राहुटीला लागून होती, मध्ये फक्त झावळांचा कूड. संध्याकाळी, गुरांना पाणी दाखवायच्या वेळेस, सदो तिथे आला आणि हळू आवाजात बोलू लागला. माझ्यासाठी तो आवाज हळू नव्हता.

"ही चावी. मागच्या परड्यातून जा. पडवीतल्या कपाटात वरच्याच खणात आहेत. कोण बघतंय?"

चावी पुन्हा खुळखुळली; तिने ती घेतली नसावी.

"अगं, तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. तीन दिवस गावाबाहेर बसायचं, हे तुझ्या धर्मात थोडंच आहे? तुला काय दोष लागणार?"

"घर तुमचा, चावी तुमची. तुमी जावा, दादा."

"मी कसा जाऊ? माझं एक स्थान आहे गावात."



"आनी आमचा नाय?" रुक्साना म्हणाली.

"तू भावनिक होतेस. धंद्यात भावना चालत नाहीत," असं काहीतरी म्हणत सदो निघाला. तेवढ्यात दादीचा आवाज आला, मोजका, थंड. "सदग्या, तुजो आजो ह्याच मळ्यात तापान फणफणलो होतो. औषद गावात होता. माज्या घोवान सांगितल्यान, जातंय, घेवन येतंय. तुज्या आज्यान जावक दिल्यान नाय. आता चावी घे आनी चलाक लाग."

सकाळी परबकाका गेले. रुक्साना वहाळाच्या अलीकडे उभी राहून गावाकडे बघत होती. पलीकडे सदोच्या घराचं कौलारू छप्पर दिसत होतं. तीन दिवस भरल्यावर, चौथ्या दिवशी कौल मिळाला, आम्ही परतलो, आणि सदोने तिला बाराही कागद परत दिले, अगदी सुस्थितीत, गुंडाळीला रिबीन बांधून. कॅलेंडर तोवर मुंबईतल्या कुणीतरी केलं होतं. त्यावर बारा फुलं होती.

शर्ट मात्र मुंबईहून एकेक करून माझ्या टेबलावर परत आले. सदोने पुढच्या व्याख्यानात नवी चूक घातली, असं मला खाजंवाल्या बाईकडून कळलं: 'कलाकारावर अवलंबून राहू नका.' टाळ्या पडल्या म्हणे.

रुक्साना कुवेतला जायला निघाली त्या दिवशी मी टपालाची थैली घेऊन सकाळच्या एसटीला आलो होतो. तिचे वडील पेटी टपावर चढवत होते. दादी आली नव्हती. तिला निरोप द्यायला आवडत नाही. एसटी आमच्या तांबड्या रस्त्याने येते, त्यामुळे तिच्यात आत-बाहेर सारखीच धूळ असते. गाडी सुटायच्या बेताला सदो स्कूटरवरून आला. हातात तोच काळा शर्ट, आणि मोबाईल तयार.

"रुक्साना, एक मिनिट! हा धर. एक फोटो. आपला ब्रँड आता आखातात!"

तिने खिडकीतून हात बाहेर काढून शर्ट घेतला. सदोने मोबाईल डोळ्यासमोर धरला. तिने शर्टाची घडी मोडली, छापलेली बाजू खाली घेऊन बाक पुसला, मग काच पुसली, मग पुढच्या बाकाची पाठ, सावकाश, शाळेतला फळा पुसतात तशी. आणि शर्ट परत खिडकीतून बाहेर दिला.

"कापड बरा आसा, दादा," ती म्हणाली.

गाडी हलली. तिचे वडील बराच वेळ हात वर करून उभे राहिले. मी थैली देऊन मोकळा झालो होतो, म्हणून सदोकडे पाहिलं. त्याने शर्ट समोर पसरून धरला होता. कापडाने तांबडी धूळ धरली होती, शाईने धरली नव्हती, आणि त्या तांबड्यावर काळी रेघ लख्ख उमटली होती. दादीचा खांदा, कोंबडीची मान, डोक्यावरचे टोप, पिशवी घेतलेला एक वाकडा माणूस, आणि कोपऱ्यात नाव, स्टँडवरून कुणालाही वाचता यावं असं.

"मळवल्यान गे शर्ट!" सदो म्हणाला. मग त्याने तो स्कूटरच्या सीटवर चार-पाच वेळा आपटला, हाताने झटकला, पुन्हा झटकला, आणि पुरता काळा झाल्यावर त्याचा फोटो काढला.